फ्रिजला फुटलेली बाही

त्या महिन्यात मास्तरांच्या दुकानातून एकाही गिऱ्हाइकाचे कपडे वेळेवर गेले नाहीत, आणि विचारायला आलेल्या प्रत्येकाला कारण एकच मिळालं, "मास्तर फ्रिज शिवतायत."

हे सांगायचा तो काजेवाला. मास्तरांकडे काजं-बटणं करणारा हा माणूस बोलण्यातही दोऱ्याइतकीच काटकसर करायचा, त्यामुळे पुढचा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. आणि त्याचं म्हणणं तसं खोटंही नव्हतं. कटिंगच्या टेबलाला लागूनच एक जुना, गोल खांद्यांचा, सायीच्या रंगाचा फ्रिज उभा होता आणि मास्तर गळ्यात टेप अडकवून, हातात खडू घेऊन त्याच्याभोवती फिरत होते. मधूनच थांबत, एखादी खूण करत, दोन पावलं मागे येऊन मान तिरपी करून बघत. लठ्ठ गिऱ्हाइकाला कोट कसा बसेल याचा विचार करताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

फ्रिज मूळचा मास्तरांच्या सासऱ्यांचा. सासरे गेल्यावर दोघी बहिणींनी सामान वाटून घेतलं तेव्हा सोफा थोरलीकडे गेला आणि फ्रिज धाकटीकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे आला. घरात एक चांगला फ्रिज होताच. म्हणून हा म्हातारा दुकानात राहिला आणि त्याच्या पोटात अस्तराचे तुकडे साठू लागले.

तो तसाच राहिलाही असता, पण मध्यंतरी मास्तर साडूकडे जेवायला गेले. साडूभाऊ फरश्यांचे व्यापारी. आवाज मोठा, घर मोठं, आणि त्या घराच्या दिवाणखान्यात त्यांनी नुकताच बार काउंटर बांधून घेतला होता. काळा गुळगुळीत दगड, वर उलटे टांगलेले ग्लास, पुढे उंच स्टुलं. मास्तरांना त्यातल्या एका स्टुलावर बसवण्यात आलं. त्यांचे पाय जमिनीला पोचेनात. तशा लोंबकळत्या अवस्थेत असताना साडूभाऊंनी त्यांच्यापुढे बिअरचा ग्लास ठेवला आणि अगदी सहज म्हणून विचारलं, की हल्ली कपडे शिवून घालतं तरी कोण?

मास्तरांनी ग्लास रिकामा केला. घरी येताना त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. साडूच्या घरी बाटलीतून बिअर येते ना, आपल्या घरी तोटीतून येईल. थंडगार, फेसाळ, बेतून घेतल्यासारखी. पुढच्या वेळी साडू आपल्याकडे जेवायला येईल, आपण त्याच्यासमोर नुसती तोटी दाबू आणि एक शब्दही बोलणार नाही.

बायकोला त्यांनी हा बेत सांगितला तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं. ती म्हणाली, "करा काय करायचं ते. पण दाराला भोक पाडायचं नाही. बाबा रोज रात्री झोपायच्या आधी त्या दारावर हात फिरवून बघायचे, नीट लागलंय का म्हणून."

तोटी दाराऐवजी फ्रिजच्या कुशीला बसवायचं ठरलं. आणि पुढचं सगळं रामायण या एका निर्णयातून घडलं.

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलावून मास्तरांनी आतली गॅसची नळी कुठून जाते ते समजून घेतलं आणि तेवढा भाग खडूने आखून टाकला. मग कुशीला भोक पाडलं. पत्र्याच्या आत लोकरीसारखा भराव निघाला. मास्तरांनी तो हाताने उपसला. पुढचे दोन दिवस ते अंग खाजवत होते आणि माप द्यायला आलेली माणसं लांबूनच बोलून परत जात होती. पण भोक सुरेख झालं होतं. काजेवाल्याने त्याच्याभोवती बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. काजं करण्यात जन्म गेलेल्या माणसाची ती पावती होती.

मग आत बिअरचं पिंप बसलं, शेजारी गॅसचं छोटं नळकांडं बसलं, दोघांना जोडणारी नळी आली. कुशीतून बाहेर चकचकीत पितळी तोटी आली आणि तिला आतल्या बाजूने नटाची भक्कम चाकी आवळली. पहिला ग्लास मास्तरांनी स्वतः भरला. तो त्यांनी काजेवाल्याला दिला. काजेवाल्याने सगळा ग्लास संपवला, मिशी पुसली आणि "बरी आहे" म्हणाला. मास्तर त्या रात्री हसत झोपले.

रविवारी साडू आणि मेहुणी जेवायला येणार होते. सकाळी दुकानातून फ्रिज घरी न्यायचा, एवढंच काम उरलं. घर दुकानाच्या समोरच, दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, दोन्ही बाजूंनी भिंती, आणि मधल्या वळणावर तेवढा हातभर लोखंडी कठडा. मास्तरांनी जिन्याचं माप आधीच घेऊन ठेवलं होतं. फ्रिज वळून चार बोटं जागा उरत होती. चार बोटं म्हणजे शिंप्याच्या हिशेबात मैदान.

पिंप बाहेर काढून वेगळं न्यावं, असं काजेवाल्याने हातानेच सुचवून पाहिलं. पण बाहेर काढलं तर ते तापेल, पुन्हा गार व्हायला वेळ लागेल आणि तोवर साडू येऊन बसेल. म्हणून मास्तरांनी सुटाच्या कापडाच्या पट्ट्यांनी पिंप आतल्या आत घट्ट बांधलं आणि दार लावलं. मास्तर वरून ओढणार, काजेवाला खालून रेटणार. एकेक पायरी दम खात दोघं वळणापर्यंत आले. तिथे दार भिंतीकडे करून मास्तरांनी फ्रिज वळवला, शेवटचा जोर लावला, आणि खण्ण असा आवाज झाला.

फ्रिज पुढे जाईना. मागेही येईना. मास्तरांनी जिन्याचं माप घेतलं होतं, फ्रिजचं घेतलं होतं, पण घेतलं होतं ते तोटी बसवायच्या आधी. अंगाचं माप घेऊन बाही विसरावी, तशातली गत झाली. तोटी कठड्याच्या दोन गजांमधून खालच्या जिन्याच्या बाजूला बाहेर गेली होती आणि बटण काजात बसावं तशी घट्ट बसली होती. फ्रिजचे पुढचे पाय पायरीच्या कडेवरून घसरून खाली टेकले होते. आता फ्रिज वीतभर उचलून मागे घेतल्याशिवाय तोटी सुटणार नव्हती, आणि भरल्या पिंपासकट तो उचलायचा तर निदान चार माणसं हवीत. त्या जिन्यात वरून एक आणि खालून दोन, याहून जास्त मावतच नव्हती.

तोटी काढून टाकावी, तर चाकी आतून. पिंप काढून टाकावं, तर तेही आत. आणि आत जायचं दार भिंतीला चिकटलेलं.

मास्तर वरच्या पायरीवर बसले. फ्रिजच्या पलीकडून काजेवाल्याचा दम टाकण्याचा आवाज येत होता. मास्तरांची बायको दारातून डोकावली, फ्रिज पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि परत आत गेली. बटाटे तळायचे राहिले होते.

एवढ्यात खालून साडूभाऊंचा आवाज आला. आधी आवाज, मग बुटांचा खडखडाट, मग सेंटचा वास आणि मग साक्षात साडूभाऊ, मागे मेहुणी. त्यांनी काजेवाल्याला पाहिलं, फ्रिज पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं.

"फ्रिज," काजेवाला म्हणाला. "मास्तर पलीकडं आहेत."

"साडूभाऊ, या, या," फ्रिजच्या मागून मास्तर म्हणाले. यजमानाने म्हणायचं म्हणून म्हणाले. साडूभाऊंना कुठूनच येता येण्यासारखं नव्हतं.

मग सगळं सांगावं लागलं. महिनाभर गुपित ठेवलेला बेत, तोटी, पिंप, सगळं मास्तरांनी एका फ्रिजच्या पाठीकडे तोंड करून सांगितलं. साडूभाऊ हसतील अशी त्यांची खात्री होती. पण पलीकडे साडूभाऊ खाली वाकले होते. गजांमधून बाहेर आलेली पितळी तोटी त्यांच्या बरोबर छातीशी होती.

"म्हणजे ही चालू आहे?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी सांगितलं, की चालू आहे, आणि तीच तर अडचण आहे. पिंप रिकामं झाल्याशिवाय फ्रिज हलका होणार नाही. बादली मिळाली तर ओतून टाकता येईल.

"ओतून कशाला टाकायची, मास्तर?" साडूभाऊ म्हणाले. मास्तरांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण साडूच्या आवाजात इतका मऊपणा त्यांनी कधी ऐकला नव्हता. "तुम्ही फक्त ग्लास पाठवा."

फ्रिजचं डोकं आणि वरच्या जिन्याचा तिरपा तळ यांच्यामध्ये एक फट होती. तिच्यातून ग्लास आडवा करून सरकवता येत होता. मास्तरांनी एकेक करून ग्लास पाठवले. मागोमाग तळलेल्या बटाट्यांची ताटली गेली, दाण्यांची गेली, उकडून अर्धी केलेली अंडी गेली. पलीकडून तोटीचा आवाज आला आणि त्यानंतर साडूभाऊंचा एक लांबलचक, तृप्त निःश्वास.

"कशी आहे?" मास्तरांनी विचारलं.

साडूभाऊंनी कशी आहे ते सविस्तर सांगितलं. मग काजेवाल्याला एक ग्लास भरून दिला. मग बायकोला. मेहुणी एरवी काउंटरवरचं काही घेत नसे, पण इथे पायरीवर बसल्यावर तिनेही घेतला. मास्तर फटीला कान लावून हे सगळं ऐकत होते. तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. रिकामा ग्लास आडवा करून पाठवता येतो. भरलेला नाही.

स्वतःच्या हाताने केलेल्या तोटीची बिअर जगात सगळ्यांना मिळू शकत होती, एक मास्तर सोडून.

थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरचा विमेवाला दूध घेऊन आला. या माणसाला त्या जिन्यात कधी कोणी थांबू दिलं नव्हतं. तो वर येतोय असं दिसलं की लोकांना घरात दूध उतू गेल्याची आठवण व्हायची. आज त्याला जाता येत नव्हतं आणि बाकीच्यांनाही. साडूभाऊंनी त्याला बसायला जागा केली, ग्लास भरून दिला आणि फ्रिज अडकण्याचा विमा असतो का, असं विचारलं. विमेवाल्याला कोणी आपणहून प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ. तो इतका हरखला, की उत्तर द्यायचंच विसरला. दुधाची पिशवी तेवढी फटीतून चपटी होऊन वर गेली.

आता वरूनही माणूस आलं. चौथ्या मजल्यावरच्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका. जिन्यात चप्पल वाकडी दिसली तरी ज्यांना चालत नसे अशा. वाचनालयात त्यांचं 'वेळेचं नियोजन' या विषयावर भाषण होतं आणि त्या नेहमीप्रमाणे बऱ्याच आधी निघाल्या होत्या. वळणावर येऊन त्या थांबल्या. मास्तर शाळेतल्यासारखे उभे राहिले.

"हे किती वेळ चालणार?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी मान खाली घालून सांगितलं, की खालची मंडळी किती जोमाने पितात त्यावर आहे.

बाईंनी वाचनालयात फोन लावला आणि आयुष्यात प्रथमच उशीर होत असल्याचं कळवलं. तिकडून उत्तर आलं, की काही घाई नाही, श्रोतेही अजून कोणी आलेले नाहीत. बाईंनी फोन पर्समध्ये टाकला, पदराने पायरी झटकली आणि मास्तरांच्या शेजारी बसल्या.

"तुम्ही घेत नाही?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी भरलेल्या ग्लासाची अडचण समजावून सांगितली. बाईंनी फटीकडे एकदा नजर टाकली आणि मास्तरांच्या बायकोला बशी आणायला सांगितलं.

बशी गेली, आणि अगदी सावकाश, फ्रिजच्या डोक्यावरून सरकत सरकत परत आली. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी धरली. तिच्यात नुसता फेस होता. त्यांनी तो फेस प्यायला. नाकाला लागला तेवढा पुसून घेतला आणि रिकामी बशी मांडीवर ठेवली.

बाईंना ते बघवेना. त्या फटीशी तोंड नेऊन म्हणाल्या, "खाली कोण भरतंय? तोटी पूर्ण दाबा, अर्धवट नको. आणि बशी तिरपी धरून भरा."

खाली एकदम शिस्त आली. दुसरी बशी सोनेरी आली. ती बाईंनी आधी मास्तरांना दिली, आणि तिसरी, नीट जमलंय की नाही हे तपासायचं म्हणून, स्वतः घेतली.

यानंतर जिन्यात जे सुरू झालं त्याला मेजवानी म्हणायला हरकत नाही. वरून ताटल्या जात होत्या, खालून बश्या येत होत्या. विमेवाल्याची बायको वरून येऊन बसली आणि आपला नवरा पलीकडे एवढा हसतोय कशाला, हे फटीतून बघू लागली. बशी पोचेपर्यंत हात हलवायचा नाही, शिंकायचं नाही, हे सगळ्यांना बाईंनी शिकवलं. साडूभाऊ तर असे रंगात आले होते, की जिना त्यांनीच बांधलाय असं वाटावं. येणाऱ्या प्रत्येकाला ते "बसा, आपलंच आहे" म्हणत होते.

दोघी बहिणी फ्रिजच्या दोन बाजूंना डोकं टेकून बोलत होत्या. वाटणी झाल्यापासून इतकं मनमोकळं बोलणं झालं नव्हतं. हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं, पण जिना सगळं जसंच्या तसं पोचवत होता.

"ताई, तुमच्या त्या काउंटरसमोर आमचा हा फ्रिज म्हणजे काहीच नाही गं," मास्तरांची बायको म्हणाली.

"कसला काउंटर," पलीकडून उत्तर आलं. "त्याच्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवते. आमच्याकडे येतंय कोण प्यायला? हे एकटेच बसतात स्टुलावर. मग मीच म्हणते, उतरा आता, जेवून घ्या."

जिना शांत झाला. सगळ्यांनी ऐकलं होतं. साडूभाऊंनीही. ते ग्लासाकडे बघत राहिले. मास्तरांना ते दिसत नव्हते, पण त्यांना एकदम त्या उंच स्टुलाची आठवण झाली. तिथे साडूभाऊंचे पाय तरी पोचतात का, हे आपण बघितलंच नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी फटीतून भाजलेल्या दाण्यांची शेवटची ताटली सरकवली आणि ती साडूभाऊंसाठी आहे असं मुद्दाम सांगितलं.

"मास्तर," साडूभाऊ म्हणाले, "झकास केलंय हो हे तुम्ही."

ज्या एका वाक्यासाठी मास्तरांनी महिनाभर फ्रिज शिवला होता, ते हे वाक्य. पण आता ते ऐकून जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. बरं वाटलं, एवढंच.

उन्हं कलली तेव्हा तोटीने एक घोगरा आवाज काढला आणि ती थांबली. पिंप संपलं होतं. साडूभाऊ आणि काजेवाला खालून, मास्तर वरून, अशा तिघांनी हात घातला. बाईंनी एक-दोन-तीन म्हटलं. फ्रिज अलगद उचलला गेला, तोटी गजांतून सुटली, आणि सकाळपासून एकमेकांचे आवाज ऐकणारी माणसं पहिल्यांदा समोरासमोर आली. काही क्षण सगळे ओळख नसल्यासारखे बघत राहिले. मग मेहुणीला हसू फुटलं, कारण मास्तरांच्या भुवईवर फेस वाळलेला होता.

फ्रिज वर गेला. साडू-मेहुणी मात्र वर आलेच नाहीत. जेवण झालंच होतं, बसची वेळ झाली होती. जिन्यातूनच निरोप घेऊन ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात भेटेल तो मास्तरांना थांबवू लागला. सगळ्यांचं एकच, तुमचे साडू फार दिलदार माणूस, पुन्हा कधी पाजणार? पहिल्या दोन-तीन जणांना मास्तरांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की फ्रिज माझा, पिंप माझं, तोटी माझी. मग सोडून दिलं आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना रीतसर घरी बोलावलं.

या वेळी काहीही चुकलं नाही. फ्रिज स्वयंपाकघरात ऐटीत उभा होता, पिंप काठोकाठ भरलेलं, हॉलमध्ये शिलाईच्या दुकानातल्याही खुर्च्या आणून मांडलेल्या. मंडळी आली. मास्तरांनी प्रत्येकाचा ग्लास स्वतः भरून दिला. सगळ्यांनी तारीफ केली, खुर्च्यांवर सरळ बसले, हवेबद्दल बोलले. मास्तर पुढचा ग्लास भरायला आत गेले आणि बाहेर येऊन बघतात, तर दोन खुर्च्या रिकाम्या. पुन्हा आत जाऊन आले, तर आणखी तीन. शेवटी हॉलमध्ये खुर्च्याच उरल्या.

मास्तर दाराबाहेर आले. सगळी मंडळी जिन्यात बसली होती. वळणावर साडूभाऊ, त्यांच्या खालच्या पायरीवर विमेवाला, त्याला कोणीतरी खरोखरच काहीतरी विचारलं होतं. दोघी बहिणी एका पायरीवर दाटीने बसल्या होत्या. बाई वर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट ठेवा म्हणून सांगत होत्या आणि येणारा-जाणारा कोणी उरला नव्हता.

"या मास्तर, बसा," साडूभाऊंनी सरकून जागा केली. मास्तर बसले. पण बूड टेकतंय न टेकतंय, तोच खालून कोणाचा तरी रिकामा ग्लास वर आला. मग दुसरा. मग बाईंचा. मास्तर उठले, वर गेले, भरून आणले. परत बसले, परत उठले. असं दिवे लागेपर्यंत चाललं. शेवटी हातांत चार ग्लास सावरत ते एकेक पायरी उतरत असताना त्यांची जागा काजेवाल्याने घेतलेली दिसली. काजेवाल्याने आपला ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि वर, मास्तरांच्या घामाघूम चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मास्तर," तो म्हणाला, "अडकला होता तेच बरं होतं."

गेला तासभर चढताना आणि उतरताना मास्तरही हाच विचार करत होते.